फ्रँक डोएल काय वाचायचा?

मराठी वाचकांच्या ज्या ऑनलाइन गटात मी गेली आठ-नऊ वर्षं आहे, तिथे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी '८४, चेअरिंग क्रॉस रोड'च्या मुखपृष्ठाचा फोटो टाकतं. खाली बदामांचा पाऊस पडतो. "आपल्या सगळ्यांचीच गोष्ट!" असं कुणीतरी लिहितं आणि त्यावर कुणाचंही दुमत नसतं. एरवी आमच्याकडे नेमाड्यांच्या एका परिच्छेदावरून तीन-तीन दिवस भांडणं चालतात. त्यामुळे ही एकवाक्यता मला जरा संशयास्पद वाटत आली आहे.

पुस्तक छोटंसं. न्यूयॉर्कमध्ये राहणारी, बेताच्या कमाईची लेखिका हेलीन हान्फ ऑक्टोबर १९४९मध्ये लंडनच्या 'मार्क्स अँड कंपनी' या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला यादी पाठवते. दुकानातला फ्रँक डोएल उत्तर देतो. पत्रं जवळपास वीस वर्षं चालतात, भेट कधीच होत नाही. लंडनला जायचे हान्फचे बेत दरवेळी फसतात, एकदा तर साठवलेले पैसे दातांच्या डॉक्टरकडे जातात. डिसेंबर १९६८मध्ये डोएल वारतो. १९७०मध्ये पत्रं पुस्तकरूपात येतात. ती शेवटी लंडनला पोचते १९७१मध्ये, तेव्हा दुकानही बंद झालेलं असतं.

'आवडी जुळल्या आणि त्यातून मनं जुळली', अशा थाटात आपण हे पुस्तक वाचतो. मीही तसंच वाचलं होतं. या पावसाळ्यात ते पुन्हा घेतलं ते पेन्सिल हातात धरून, एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायला: फ्रँक डोएलला स्वतःला काय वाचायला आवडायचं?

पेन्सिल फारशी झिजली नाही.

हान्फच्या आवडी पानोपानी आहेत. हॅझलिट, स्टीव्हन्सन, डनची प्रवचनं, पीप्सची रोजनिशी. पीप्सची काटछाट केलेली आवृत्ती हाती पडल्यावर तिनं केलेला थयथयाट तर मुळातूनच वाचावा. कादंबऱ्यांचा तिला कंटाळा, तरी जेन ऑस्टेन तिला गाठतेच. ही आवडही तिची एकटीची नाही. केंब्रिजचे प्राध्यापक क्विलर-कूच यांची छापील व्याख्यानं वाचत, ते ज्या पुस्तकांची नावं घेतील ती मिळवत तिनं स्वतःला घडवलं होतं. तिची यादी म्हणजे बरीचशी त्यांचीच यादी.

आणि डोएल? त्याच्या पत्रांत किंमत आहे, बांधणी आहे, कागद कसा आहे ते आहे, 'शोधत आहोत, धीर धरावा' हे आहे. एखादं पुस्तक देखणं आहे हे तो सांगतो, पण ते वाचून आपलं काय झालं हे सहसा सांगत नाही. त्याची एकच आवड ठळकपणे कळते, ती टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल संघाची. हान्फ तिकडे बेसबॉलच्या डॉजर्सवर जीव टाकून बसलेली. दोघं एकमेकांना आपापल्या संघासाठी साकडं घालतात. समान आवड दाखवायचीच तर एवढीच दाखवता येईल, आणि तीही दोन वेगवेगळ्या खेळांची.

अशा नात्याचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच जी. ए. आणि सुनीताबाईंच्या पत्रव्यवहाराचा दाखला दिला जातो. तो इथे लागू नाही. ते दोघंही एकमेकांना आपापलं वाचन भरभरून सांगतात. डोएलच्या पत्रात पुस्तक हा आधी माल आहे. तो दुकानदार आहे, आणि हे विसरून या पुस्तकाबद्दल हळवं होणं मला लबाडीचं वाटतं.

मग या मैत्रीत नेमकं घडतं काय? १९४९च्या डिसेंबरात हान्फला कळतं की लंडनमध्ये मांस, अंडी सगळं अजून रेशनवर आहे. ती दुकानातल्या लोकांसाठी सहा पौंडांचं हॅम पाठवते. मग तिच्या लक्षात येतं की मालकांची नावं मार्क्स आणि कोहेन. हे ज्यू असतील तर डुकराचं मांस कसं खातील? ती घाईघाईनं विचारते, बदली दुसरं काही पाठवू का? माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा जीव या विचारण्यात आहे. समोरच्याला काय चालेल, याची ती काळजी आहे. डोएलही तेच करतो. कुठल्यातरी खेड्यातल्या जुन्या घरातला संग्रह विकत घ्यायला तो जातो, तेव्हा हान्फची यादी त्याच्या डोक्यात असते. ती पुस्तकं त्याला आवडायची का? गरज नव्हती.

डोएलच्या मृत्यूनंतर त्याची बायको नोरा हान्फला पत्र लिहिते. त्यात ती कबूल करते की आपल्याला कधीकधी मत्सर वाटायचा, कारण फ्रँकला ही पत्रं फार आवडायची. पुढे ती म्हणते की दोघांची विनोदबुद्धी सारखी होती. विनोदबुद्धी! आवडीनिवडी जुळल्याचं ती बोलतही नाही.

आता आमच्याकडचं. 'गुडरीड्स' २००७मध्ये सुरू झालं, २०१३मध्ये ॲमेझॉननं विकत घेतलं. तिथे दोन वाचकांच्या पुस्तकांची तुलना करून आवडी किती टक्के जुळतात हे दाखवणारी सोय असते. गटातल्या एका मैत्रिणीचे आणि माझे ९१ टक्के जुळले होते. आम्ही ते मिरवलंही. भाऊ पाध्ये, श्याम मनोहर, चेकॉव्ह, सगळीकडे सारखेच तारे. आमच्या गटात आणखी एक अलिखित परीक्षा असते: वपुंवर विनोद करता आला पाहिजे. मला तो चांगला जमतो.

चार वर्षांपूर्वी असाच एक विनोद मी टाकला. शंभरेक लोक हसले. त्याच आठवड्यात तिचा खासगी निरोप आला. तिची आई नुकतीच गेली होती. कपाटात 'पार्टनर'ची प्रत सापडली, पेन्सिलनं केलेल्या खुणांसकट. 'हसू नकोस, पण मी सध्या तेच वाचतेय.' मी सतराव्या वर्षी 'पार्टनर' दोनदा वाचली होती आणि दुसऱ्यांदा रडलो होतो. ते मी तिला सांगितलं नाही. 'सांभाळ स्वतःला' असं काहीतरी लिहून मोकळा झालो. ९१ टक्क्यांना धक्का लागला असता, दुसरं काय. काही महिन्यांनी ती गटातून गेली. मला ते कळलं पुढच्या दिवाळी अंकांच्या चर्चेत ती दिसली नाही तेव्हा.

डोएल शोधून झाल्यावर मी तिला लिहिलं. सतराव्या वर्षाचंही सांगितलं. लिहिताना लक्षात आलं, तिच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं, ते विचारलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नाव होतं, आणि खाली: 'तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का रे?' गुडघ्याबद्दल मी तिच्याशी एकदाच बोललो होतो, २०१९मध्ये, चेकॉव्हच्या एका कथेवरून वाद घालताना, मध्येच.