‘एकास दोन चार’ : एका प्रमाणसूत्राची चिकित्सा

स्थापत्यविषयक ज्ञानाचा जो भाग आपल्याकडे ग्रंथांतून उतरून सर्वसामान्य व्यवहारात रुजला, त्यात ‘एकास दोन चार’ या सूत्राइतके रूढ झालेले दुसरे सूत्र क्वचितच आढळेल. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, हे प्रमाण अभियंत्यास जसे ठाऊक असते तसेच ते गवंड्यास, मुकादमास आणि स्वतःचे घर बांधावयास निघालेल्या गृहस्थासही ठाऊक असते. सूत्र सोपे आहे, उच्चारावयास सुटसुटीत आहे आणि घमेल्यांनी मोजता येण्याजोगे आहे. या गुणांमुळेच त्याची चिकित्सा फारशी कोणी केली नाही. वस्तुतः काँक्रीट हा चार द्रव्यांचा पदार्थ होय, आणि या सूत्रात तीनच द्रव्यांची नावे येतात. चौथे द्रव्य पाणी. त्याचे प्रमाण सूत्र सांगत नाही, आणि तयार झालेल्या पदार्थाचे बळ व आयुष्य मुख्यतः त्याच प्रमाणावर अवलंबून असते. सूत्र ज्याविषयी बोलते त्याहून ज्याविषयी मौन पाळते ते अधिक महत्त्वाचे, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

मराठीतील ‘प्रमाण’ हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे. घटकांचे परस्पर मान हा त्याचा एक अर्थ, आणि ज्याच्या योगे यथार्थ ज्ञान होते ते साधन हा नैयायिकांनी दृढ केलेला दुसरा. बांधकामाच्या जागी या दोन अर्थांची नकळत सरमिसळ होते. मिश्रणाचे प्रमाण योग्य होते एवढे सिद्ध झाले की काँक्रीट चांगले होते हेही सिद्ध झाले असे मानण्यात येते. स्लॅब गळू लागला की ‘माल एकास दोन चारच होता’ ही साक्ष निर्णायक म्हणून पुढे केली जाते. ती साक्ष खरीही असू शकते. मात्र तिने काहीही सिद्ध होत नाही.

प्रमाण सांगताना द्रवाचा उल्लेख टाळण्याची ही रीत आजची नव्हे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात चुन्याच्या मालाचे प्रमाण दिले आहे. खाणीतील वाळू असल्यास तीन भाग वाळूस एक भाग चुना, नदीची किंवा समुद्राची वाळू असल्यास दोन भागांस एक, असा भेद तो सूक्ष्मपणे करतो. पाण्याचे माप मात्र तेथे नाही. आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांतील ‘पाणी अंदाजाने’ हा शेराही याच परंपरेतला म्हणावा लागेल. या लेखकांना पाण्याचे महत्त्व कळत नव्हते असा याचा अर्थ नव्हे. पाणी हाताला कळते, ते कागदावर मांडण्याचे कारण नाही, अशी त्यांची धारणा होती. आणि जोवर लिहिणारा व कालवणारा एकाच परंपरेत वाढलेले असतात तोवर ती निभावून जाते.

धातुविद्येतील प्रमाणवचनांची गोष्ट याहून निराळी आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात कांस्यासाठी आठ भाग तांबे व दोन भाग कथील असे प्रमाण सांगितले आहे. हे वचन आजच्या वाचकासही उपयुक्त वाटते, याचे कारण मुशीत जे टाकले तेच, थोडी घट वजा जाता, ओतीव वस्तूत उरते. ओतकामाची व थंड करण्याची रीत गुणधर्मांवर परिणाम करते हे खरे. तथापि शंभरात वीस भाग कथील असलेला मिश्रधातू दहा भागांच्या मिश्रधातूहून कठीण, ठिसूळ आणि अधिक नादमय असणार हे प्रमाणावरूनच सांगता येते. घटकांची यादी येथे पूर्ण आहे. काँक्रीटमध्ये मात्र जे आत जाते त्यातील काही बांधले जाते, काही अडकून राहते, काही कालांतराने उडून जाते आणि आपल्या जागी पोकळी ठेवून जाते. ही पोकळी अंतिम पदार्थाचा घटकच होय. ‘एकास दोन चार’ या सूत्राला धातुविद्येच्या वचनासारखे वाचणे ही पहिली चूक, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके ती चूक वाचकास करू देतात.

या चुकीला एक सैद्धांतिक आधारही मिळत गेला आहे. मिश्र पदार्थाचा गुण म्हणजे घटकांच्या गुणांची त्यांच्या आकारमानाच्या प्रमाणात घेतलेली सरासरी, हा तो ‘मिश्रणाचा नियम’. घनतेच्या बाबतीत तो बिनचूक आहे. स्थितिस्थापकतेच्या बाबतीत तो केवळ एक मर्यादा सांगतो. फोख्टची कल्पना १८८९ ची आणि रॉइसची १९२९ ची. या दोहोंनी मिळणारी मूल्ये ही वरची व खालची सीमा होत, असे हिलने १९५२ मध्ये दाखविले. काच आणि इपॉक्सी राळ निम्मी-निम्मी घेतली, काचेचा गुणांक ७० व राळेचा ३ गिगापास्कल धरला, तर एका सीमेवर ३६.५ आणि दुसऱ्या सीमेवर ५.७५ गिगापास्कल असे उत्तर येते. प्रमाण तेच असून उत्तरात सहापटींहून अधिक अंतर! तंतू भाराच्या दिशेने आहेत की भार थरांना आडवा लागतो, यावर सारे अवलंबून. बळाच्या बाबतीत तर सरासरीची कल्पनाच कोलमडते, कारण पदार्थ तुटतो तो त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी. सरासरीला तेथे फारसे कोणी विचारत नाही.

काँक्रीटमधील पोकळीचा हिशेब नीटपणे मांडण्याचे श्रेय फ्रेंच अभियंता रने फेरे याला दिले पाहिजे. १८९२ च्या आपल्या निबंधात त्याने मसाल्याच्या घट्टपणाचा विचार केला आणि त्याच्या सूत्रात सिमेंटच्या आकारमानाबरोबर पाणी आणि हवा यांचीही आकारमाने आली. हवेला घटक मानणारे हे सूत्र तात्त्विक दृष्ट्या अधिक परिपूर्ण होते. परंतु प्रसिद्धी मिळाली ती शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधील डफ एब्रम्स याच्या १९१८ च्या नियमाला. प्रयोगांच्या प्रचंड संख्येच्या आधारे एब्रम्सने असे प्रतिपादिले की, मिश्रण कालवण्याजोगे व मऊ असेल तोवर काँक्रीटचे बळ पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. १४,००० या संख्येस ७ च्या ‘क्ष’ घाताने भागले असता अठ्ठावीस दिवसांचे बळ दर चौरस इंचास पौंडांत मिळते. क्ष म्हणजे पाण्याचे सिमेंटशी आकारमानी गुणोत्तर. क्ष एक असता बळ २,००० येते, आणि पाणी केवळ एक दशांशाने वाढवले की ते १,६५० च्या जवळ उतरते. सूत्रातील स्थिरांक त्याच्या काळच्या सिमेंटचे आहेत, ते आज कोणी वापरू नयेत. परंतु घसरणीचे स्वरूप तेच राहिले आहे. या नियमाचा खरा प्रहार एका रूढ समजुतीवर होता. सिमेंट वाढवले की बळ वाढते ही ती समजूत. सिमेंट वाढवून त्याच मानाने पाणीही वाढवणाऱ्याच्या हाती, एब्रम्सच्या मते, खर्चावाचून काही पडत नाही.

एब्रम्सने नियम दिला. कारण दिले ते टी. सी. पॉवर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९४० च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलँड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. सिमेंट पूर्णपणे जलयोजित झाले तर आपल्या वजनाच्या सुमारे ०.२३ पट पाणी ते रासायनिक रीत्या बांधते आणि आणखी सुमारे ०.१९ पट पाणी तयार झालेल्या जेलच्या अतिसूक्ष्म रंध्रांत धरून ठेवते. हा हिशेब एका पोत्यावर लावून पाहण्याजोगा आहे. ५० किलो सिमेंटच्या कणांचे प्रत्यक्ष आकारमान सुमारे १६ लिटर असते. त्यात ३० लिटर पाणी घातले, तर पाणी सिमेंटच्या जवळजवळ दुप्पट जागा व्यापते. त्यापैकी साडेअकरा लिटर बांधले जाते, साडेनऊ लिटर जेलमध्ये राहते, आणि उरलेल्या ९ लिटरांना काहीच काम नसते. हे बेकार पाणी केशिका-रंध्रे मागे ठेवते. पाणी ३० ऐवजी २५ लिटर घातले तर बेकार पाणी ४ लिटरांवर येते. एकूण पाण्यात एक षष्ठांश कपात, आणि अपायकारक अंशात निम्म्याहून अधिक! काँक्रीटच्या विषयात ‘थोडे’ हा शब्द किती फसवा आहे ते एवढ्या गणितावरून कळावे.

यापुढचा मुद्दा अधिक मूलगामी आहे. पॉवर्स, कोपलँड व मान यांनी १९५९ मध्ये असे दाखविले की, ओलावा राखून ठेवलेल्या सिमेंटच्या लगद्यातील केशिका-रंध्रे काही काळाने परस्परांपासून तुटतात आणि पाण्याचा सलग मार्ग बंद होतो. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० असता यास सुमारे तीन दिवस लागतात, ०.५० असता चौदा दिवस, ०.६० असता सहा महिने, ०.७० असता एक वर्ष. त्यापुढे मात्र रंध्रे कधीच तुटत नाहीत. सहा महिने स्लॅबवर पाणी कोण मारणार? बळाचा आलेख उतरणीसारखा हळूहळू खाली येतो, तर अभेद्यतेच्या बाबतीत एक उंबरठा आहे. तो ओलांडला की पदार्थाची जातच बदलते. घन चाचणीत पुरेसे बळ दाखविणारे काँक्रीटही समुद्राची खारट हवा आत घेऊन सळई गंजवू शकते, हे मुंबईसारख्या किनारी शहरात राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. प्रमाणाचा एकच फरक दोन गुणधर्मांवर दोन निराळ्या रीतींनी परिणाम करतो, ही गोष्ट तीन आकड्यांच्या सूत्रात मावणारी नाही.

आता अधिकृत ग्रंथाकडे वळावयास हरकत नाही. साध्या व सळईयुक्त काँक्रीटविषयीचे भारतीय मानक क्रमांक ४५६ प्रथम १९५३ मध्ये निघाले आणि १९५७, १९६४, १९७८ व २००० या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या झाल्या. २००० च्या आवृत्तीतील नाममात्र मिश्रणांचे कोष्टक लक्षपूर्वक पाहिल्यास दिसते की, त्यात ‘एकास दोन चार’ अशा रूपात प्रमाण दिलेलेच नाही. ५० किलो सिमेंटमागे वाळू व खडी मिळून किती किलो आणि पाणी अधिकात अधिक किती लिटर, अशी ती मांडणी आहे. एम १५ साठी ३३० किलो व ३२ लिटर. एम २० साठी २५० किलो व ३० लिटर. वजनाने मोजावे हा मुख्य मार्ग, घमेल्याने वा पेटीने मोजणे हा नाइलाजाचा. अर्थात मानक मुके नाही. लोकांनी पाठ करताना शेवटचा स्तंभ गाळला आहे.

तथापि मानकही सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. ३० लिटर भागिले ५० किलो म्हणजे ०.६०. त्याच आवृत्तीतील टिकाऊपणाविषयीचे कोष्टक मात्र सळईयुक्त काँक्रीटसाठी, अत्यंत सौम्य परिस्थितीतही, एम २० हा किमान दर्जा ठरवून गुणोत्तराची कमाल मर्यादा ०.५५ इतकी घालते. आणि तीव्र परिस्थितीत ती ०.४५ वर येते. सिमेंटचा तुटवडा म्हणून ही तफावत पडली असे नाही. २५० किलो खडी-वाळूचे हे मिश्रण घनमीटरमागे सुमारे ३५० किलो सिमेंट घेते, आणि सौम्य परिस्थितीत मागणी आहे ३०० किलोंची. सिमेंट मुबलक, पाणी त्याहून मुबलक! पहिल्या कोष्टकातील आकडा ही कमाल मर्यादा आहे आणि दोन्ही कोष्टके एकत्र वाचल्यास कडक मर्यादा आपोआप लागू होते, असे समर्थन करता येईल. तांत्रिक दृष्ट्या ते मान्यही करावे लागेल. परंतु नाममात्र मिश्रणाचे कोष्टक ज्याच्यासाठी आहे तो लहान कामाचा वाचक दुसरे कोष्टक उघडणारच नाही. एकाच ग्रंथातील दोन पाने निरनिराळ्या वाचकांशी बोलतात आणि परस्परांची दखल घेत नाहीत, हा संपादनाचा दोष होय.

वाळूचा ओलावा या सूत्राला आणखी एका बाजूने पोखरतो. वरील एम २० मिश्रणात वाळू व खडी एकास दोन घेतली तर पोत्यामागे वाळू सुमारे ८३ किलो येते. तिच्यात शेकडा पाच ओलावा असला तर चार लिटरांवर पाणी न मोजताच आत शिरते. शिवाय ओली वाळू फुगते. तीच पेटी भरली तरी तिच्यात वाळू कमी मावते, बारीक वाळूत हा फरक शेकडा तीसपर्यंत किंवा त्याहूनही अधिक जातो. म्हणजे पावसाळ्यातले ‘दोन’ आणि उन्हाळ्यातले ‘दोन’ ही एक संख्या नव्हे.

एवढ्यावरून पाणी-सिमेंट गुणोत्तरालाच नवे सूत्र मानून त्याची पूजा करण्याचा मोहही टाळला पाहिजे. गिल्की याने १९६१ मध्ये एब्रम्सच्या नियमाचा फेरविचार करताना सिमेंट व खडी-वाळू यांचे प्रमाण, खडीची प्रत, पृष्ठभाग, आकार व कमाल माप हेही बळ ठरवतात असा आक्षेप घेतला. तो सयुक्तिक आहे. एब्रम्सने स्वतः घातलेली ‘मिश्रण कालवण्याजोगे असेल तोवर’ ही अट पुढील लेखकांनी फार सैलपणे वाचली. कोरडे, नीट न ठोकलेले काँक्रीट कमी गुणोत्तराचे असूनही पोकळ राहते. तेथे फेरेचे हवेचे पद आठवावे लागते.

१९६० च्या दशकात जपान व जर्मनीत निघालेल्या महाप्लास्टिसायझरांनी तर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागांनी हे द्रव्य घातले असता कमी पाण्यातही मिश्रण वाहते, आणि गवंडी ज्या कारणासाठी ‘माल पातळ कर’ म्हणतो ते कारणच नाहीसे होते. सर्वांत लहान घटक सर्वांत मोठा फरक घडवितो. त्याच वेळी औष्णिक विद्युत्केंद्रांची राख आणि पोलाद कारखान्यांची दळलेली मळी सिमेंटची जागा घेऊ लागल्यामुळे गुणोत्तराचा छेदच अनिश्चित झाला आहे. राख ही सिमेंटइतक्या वेगाने व तितक्या पूर्णपणे काम करीत नाही. तिचे वजन छेदात पूर्ण धरावे, अंशतः धरावे की मुळीच धरू नये, यावर आलेले गुणोत्तर ०.४५ की ०.६० हे ठरते. युरोपीय मानकाने यासाठी राखेच्या वजनास एका गुणकाने गुणण्याची रीत स्वीकारली, भारतीय मानकाने विशिष्ट मर्यादेपर्यंत राख पूर्णपणे हिशेबात घेण्याची मुभा दिली. प्रयोगशाळेत गुणोत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने त्याखाली छेदात काय काय धरले ते लिहिले नसेल, तर त्याचा आकडा आणि मुकादमाचे ‘एकास दोन चार’ यांत तपासण्याजोगे अंतर राहत नाही.