कार्यसूचीची परिभाषा : खूण आणि दर्शन

करावयाची कामे टिपून ठेवण्याची जी संगणकीय साधने आज प्रचारात आहेत, त्यांच्या सोयी-गैरसोयींविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या परिभाषेविषयी मात्र क्वचितच. वास्तविक अशा साधनात भाषेवाचून दुसरे आहे तरी काय? काही शब्द कामांना चिकटवावयाचे आणि त्या शब्दांच्या आधारे कामांचे निरनिराळे गट डोळ्यांपुढे आणावयाचे, एवढाच त्याचा व्यापार. यांपैकी पहिल्यास आपण ‘खूण’ म्हणू व दुसऱ्यास ‘दर्शन’. खूण हे लिहून ठेवलेले विधान होय. दर्शन हा दर वेळी नव्याने विचारलेला प्रश्न होय. हा भेद न पाळणाऱ्या याद्यांवरील विश्वास लवकरच उडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कालवाचक शब्दांत हे चटकन दिसते. ‘आज’, ‘उद्या’ यांचा अर्थ उच्चारणाच्या क्षणावर अवलंबून असतो. सोमवारी एखाद्या कामास ‘उद्या’ ही खूण लावली, तर मंगळवारी ती खोटी ठरते. साठवावयाची ती तारीख. ‘उद्या’ हे केवळ दर्शन असावे. मायक्रोसॉफ्टच्या ‘टू डू’मधील ‘माय डे’ ही यादी रोज मध्यरात्री रिकामी होते, हे या दृष्टीने यथार्थच आहे. त्या दिवसापुरता केलेला संकल्प त्या दिवसाबरोबर संपतो. मराठीत तर ‘परवा’ हा शब्द दोन्ही दिशांना जातो. वाक्यात ‘आला’ किंवा ‘येईल’ हे क्रियापद त्याचा निर्णय करते. परंतु ‘पत्राचे उत्तर – परवा’ अशा क्रियापदहीन नोंदीत उत्तर येऊन गेले की यावयाचे आहे, हे लिहिणाऱ्यालाही चार दिवसांनी सांगता येणार नाही.

स्थळवाचक खुणांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ (२००१) या ग्रंथाने घर, फोन, संगणक, बाहेरची कामे अशा ‘कॉन्टेक्स्ट’नुसार कामे लावण्याची पद्धत रूढ केली आणि अनेक साधनांनी ती उचलली. इंग्रजीतील ‘ॲट’ या शब्दयोगाखाली हे सारे एकजिनसी भासते. मराठी विभक्ती मात्र ते झाकू देत नाही : घर हे अधिकरण, फोन हे करण, आणि ज्या व्यक्तीशी बोलावयाचे तिचा संबंध या दोहोंहून निराळा, सहार्थाचा. ‘ग्रंथपालांशी ग्रंथालयात बोलणे’ या एका क्रियेस असे दोन संबंध एकाच वेळी हवेत. ‘ओम्नीफोकस’मध्ये बरीच वर्षे एका कामास एकच कॉन्टेक्स्ट देता येई, म्हणजे क्रियापदाला एकच कारक घेण्याची सक्ती! २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या जागी अनेक ‘टॅग’ देण्याची मुभा आली. ही सुधारणा खरीच. तथापि तीबरोबर ‘कोणत्या परिस्थितीत’ हा प्रश्नच नावातून गळाला. मग ‘घरी’, ‘तातडीचे’ व ‘कंटाळवाणे’ एकाच पंक्तीस बसतात, आणि सगळ्याच प्रश्नांना उत्तर देणारी खूण कोणत्याच दर्शनाच्या उपयोगी पडत नाही.

‘थिंग्ज’ या साधनाने २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘नेक्स्ट’ हे नाव बदलून ‘एनीटाइम’ केले आणि ‘समडे’ तसेच ठेवले. मराठीत हा विरोध ‘केव्हाही’ आणि ‘केव्हातरी’ यांत इंग्रजीहूनही नेटका उतरतो : पहिल्यात मोकळीक, दुसऱ्यात अनिश्चितता. अर्थात ‘केव्हातरी या घरी’ हे निमंत्रण किती मनावर घ्यावयाचे, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. म्हणून ‘केव्हातरी’च्या यादीत काम टाकणे म्हणजे काय, हेही तो बरोबर ओळखतो.

सर्वांत हानिकारक घोटाळा होतो तो आरंभ आणि मुदत यांच्यात. पुष्कळ साधनांत तारखेचे एकच घर असते व त्यावर मुदतीचे नाव असते. ज्यास ३ तारखेस नुसते हात घालावयाचा, तोही तेथे ३ हाच आकडा लिहितो. ४ तारखेस ते काम लाल होऊन थकलेल्यांत जाते. अशा दहा खोट्या मुदतींच्या लाल गर्दीत प्रबंध सादर करण्याची खरी मुदत बुडून जाते, आणि तिची किंमत विद्यार्थ्यास एका सत्राने मोजावी लागू शकते. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या ‘ऑर्ग मोड’मध्ये हे दोन अर्थ पृथक् आहेत. मुदतीची जाणीव तेथे, एरवी काही सांगितले नसल्यास, १४ दिवस आधीपासून दिली जाते. आरंभाची नोंद ठरल्या दिवशी प्रकट होऊन काम संपेपर्यंत रोज पुढे येत राहते. मात्र आरंभास त्यांनी दिलेले ‘शेड्यूल्ड’ हे नाव दुर्दैवी आहे. सभा ‘शेड्यूल’ करणे आणि काम ‘शेड्यूल’ करणे यांत गल्लत करू नये, असे नियमपुस्तिकेला मुद्दाम बजावावे लागते, यातच नावाचा दोष उघड होतो. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘नियोजित’सारखा भारदस्त तत्सम शब्द बनविण्याच्या फंदात पडू नये. ‘३ तारखेपासून’ आणि ‘१५ तारखेपर्यंत’ ही दोन शब्दयोगी अव्यये शेजारी शेजारी छापली, तर नियमपुस्तिका उघडावी लागणार नाही.