मराठी ऐतिहासिक साधनांतील ‘बाण’ : एक अर्थविचार

अठराव्या शतकातील मराठी पत्रांत व बखरींत तोफा, जेजाला, सुतरनाळा यांच्या पंक्तीला ‘बाण’ हा शब्द वारंवार येतो. धनुष्यातून सुटणारा शर हा त्याचा संस्कृत अर्थ मनात ठेवून वाचणारा अभ्यासक येथे सहज फसतो. १७६१ साली पानिपतावर उतरलेली सैन्ये धनुर्विद्येवर विसंबून होती, असा चुकीचा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. वस्तुतः अशा ठिकाणी ‘बाण’ म्हणजे दारू भरलेली व लांब काठीला बांधलेली नळी, अर्थात् अग्निबाण होय. काशीराजाच्या वृत्तांतात नजीबखानाच्या सैन्याने केलेल्या ज्या माऱ्याचा उल्लेख येतो, तो याच शस्त्राचा.

हा अर्थविस्तार कसा झाला असावा, हे शस्त्राच्या रचनेवरून समजते. काठीमुळे नळीचे उड्डाण सरळ राहते आणि तिचा आकारही शरासारखा दिसतो. म्हणून जुन्याच नावाने नव्या वस्तूचा बोध होऊ लागला. फारसी ग्रंथांतही ‘बान’ हा शब्द याच अर्थी आढळतो. दुसरीकडे शरासाठी व्यवहारभाषेत ‘तीर’ रूढ झाल्यामुळे ‘बाण’ शब्द नव्या अर्थास मोकळा राहिला. म्हैसूरच्या हैदर व टिपू यांनी लोखंडी नळीचे बाण वापरले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर त्यांचे नमुने इंग्लंडात गेले आणि काँग्रीव्हच्या प्रयोगांस त्यांतून चालना मिळाली.

तथापि प्रत्येक ‘बाण’ अग्निबाणच मानणे ही उलट दिशेची चूक ठरेल. भारतीय युद्धाची उपमा देणारा बखरकार वीरांवर शरवर्षाव करवितो, तेव्हा तो काव्यपरंपरेचा शब्द असतो. कालगणनेच्या श्लोकात ‘बाण’ म्हणजे मदनाच्या पाच शरांवरून ५ हा अंक. याहून गंभीर दोष म्हणजे पुराणांतील अग्न्यस्त्रांची वर्णने वाचून प्राचीन भारतात दारूचे बाण होते असे प्रतिपादणे. दारूचे ज्ञान चीनमध्ये उदय पावून मध्ययुगात इकडे आले. पुराणकारांच्या कल्पनेस त्याचा पुरावा मानता येत नाही.

तेव्हा निर्णय संदर्भावरच करावा लागतो. शेजारी दारूगोळा व तोफा असतील तर एक अर्थ, धनुष्य व भाता असेल तर दुसरा, श्लोकात शक येत असेल तर तिसरा. कोशातील पहिला अर्थ सर्वत्र लावणारा संपादक वाचकाच्या हाती चुकीचे युद्ध देतो. विशेष असे की, दिवाळीच्या दारूकामात आकाशात सोडला जाणारा ‘बाण’ हा जुना लष्करी अर्थ मराठी घरांत अजूनही जपून आहे. कागदपत्रे वाचताना तेवढे स्मरले तरी पुष्कळ गैरसमज टळतील.