हसू कोणते, हसे कुणाचे?

‘मी, मायसेल्फ अँड आयरीन’ हे नाव देवनागरीत लिहिले की त्यातला पहिला शब्द आपोआप मराठी होतो. दोन भाषांच्या शेजारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना अशा गमती नव्या नाहीत. या इंग्रजी चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही गंमत नेमकी लागू पडते. कारण ‘मी’ म्हणजे कोण, हाच त्याचा विषय आहे. पीटर आणि बॉबी फॅरेली या बंधूंनी तो २००० साली काढला. शिष्टसंमत गोष्टींची जराही भीडभाड न ठेवणारा हा विनोदपट. सहकुटुंब बसून पाहावा असा तर मुळीच नव्हे. मग एका मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात त्यावर का लिहावे? कारण आमच्या व्यवसायात ज्याला ‘गुणी मुलगा’ म्हणतात, त्याचे पुढे काय होते याची ही कथा आहे.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात चार्ली बेलीगेट्स हा पोलीस. त्याच्या बायकोला तिळे होते आणि मुलांच्या वर्णावरूनच गावाला उमगते की ही मुले चार्लीची नव्हेत. चार्ली चकार शब्द काढत नाही. पुढे बायको मुलांच्या खऱ्या बापाबरोबर निघून जाते, तरीही नाही. मग गावाला त्याची सवयच होते. दुकानाच्या रांगेत कुणीही त्याच्या पुढे घुसावे, शेजाऱ्याच्या कुत्र्याने त्याच्या अंगणात घाण करावी, भलत्या जागी लावलेली गाडी काढा म्हटले तर मालकाने त्यालाच हसावे. मुकी बिचारी कुणीही हाका! अठरा वर्षे गिळलेला हा अपमान एके दिवशी दुकानातच उसळून वर येतो, आणि त्याच देहातून हँक नावाचा दुसराच इसम बोलू लागतो. आवाज घोगरा, डोळे बारीक, तोंड शिवराळ, नजर वाईट. चार्लीला जे जे सुचले आणि करवले नाही, ते ते हँक करून मोकळा होतो.

पुढे प्रवास सुरू होतो. आयरीन नावाच्या तरुणीला न्यूयॉर्क राज्यातील मॅसीना या गावी पोहोचवण्याचे काम चार्लीवर येते. भ्रष्ट पोलीस आणि तिचा पूर्वीचा मित्र मागे लागतात. पळापळीत चार्लीच्या गोळ्या मागेच राहतात. त्यानंतर एक बाई आणि एकाच कातडीतले दोन पुरुष अशी तिघांची वाटचाल. पाठलागाचे हे कथानक बेताचेच आहे, त्यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

शाई खर्च करावी ती जिम कॅरी या नटावर. स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या कादंबरीतील डॉक्टर जेकिलला हाइड होण्यासाठी औषधाचा घोट लागला. कॅरीला काही लागत नाही. गालाचे स्नायू ताणले, मान किंचित खाली घेतली की माणूस बदलला. चार्ली आणि हँक यांची आपसात मारामारी होते, तेव्हा हा नट स्वतःच स्वतःला ठोसे लगावतो, स्वतःलाच गाडीबाहेर ओढतो आणि आपल्याला खरोखर दोघे दिसू लागतात. ही मेहनत मी मनापासून दाद देण्याजोगी मानतो. दिग्दर्शकांना मात्र थांबावे कुठे हे कळत नाही. रस्त्यावर पडलेल्या जखमी गाईचा प्रसंग इतका ताणला आहे की अति तेथे माती झालीच.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हँकच्या या लीलांना चित्रपटातला डॉक्टर स्किझोफ्रेनियाचे नाव देतो. ते साफ चुकीचे आहे. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, खोट्या समजुती घट्ट धरून बसतात, तो हळूहळू आपल्या माणसांपासून तुटत जातो. एका देहात दोन माणसे नांदण्याशी त्याचा संबंध नाही. तो निराळा आणि दुर्मिळ विकार, आणि १९९४ पासून वैद्यकशास्त्रात त्याचे नावही निराळे आहे. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने १९०८ साली ‘दुभंगलेले मन’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द घडवला तो विचार आणि भावना यांची सांगड सुटते या अर्थाने. आपण मराठीत त्याचे ‘छिन्नमनस्कता’ केले आणि गैरसमजही भाषांतरित करून घेतला. अमेरिकेतील रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने २००० सालीच या चित्रपटाचा निषेध केला होता. काहींना तो चिडखोरपणा वाटला. मला वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे, आणि त्याची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. म्हणजे आमच्या शाळेचा उंबरा ओलांडून मूल बाहेर पडते त्याच सुमारास. अशा मुलाच्या आईवडिलांनी चिठ्ठीवरचा शब्द नातेवाइकांना कोणत्या तोंडाने सांगावा, जर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणाचाही गळा धरणारा हँकच उभा राहणार असेल? खरे तर हे रुग्ण दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा स्वतःच अन्यायाला बळी पडण्याचा संभव अधिक.

हा दोष केवळ अमेरिकनांचा नव्हे. सीमाभागातल्या आपण ‘आप्तमित्र’ कन्नडमध्ये पाहिला, तीच कथा हिंदीत ‘भूलभुलैया’ म्हणून पाहिली आणि दोन्ही वेळा विकाराचा तमाशा रंगला. २००५ साली तमिळमध्ये आलेला आणि हिंदीत ‘अपरिचित’ म्हणून गाजलेला शंकर यांचा चित्रपट तर चार्लीच्याच जातकुळीचा. कायदा पाळणारा, कुणी न जुमानलेला सज्जन, आणि त्याच्या पोटातून निघालेला शिक्षा करणारा पुरुष. तिथे त्या शिक्षा करणाऱ्याला टाळ्या पडतात. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ साली ‘देवराई’त स्किझोफ्रेनियाचा रुग्ण दाखवला. अतुल कुलकर्णींचा शेष पाहताना भीती वाटत नाही, जीव तुटतो.

एवढे सगळे जमेस धरूनही फॅरेली बंधूंच्या पदरात एक माप टाकावेच लागेल. त्यांनी हँकला नायक केलेले नाही. प्रारंभी तो आपल्याला सुखावतो, कारण प्रत्येकाच्या पोटात असा एक हँक दबा धरून असतो. पण पुढे हळूहळू दिसते की तोही पोकळच. त्याची मर्दुमकी ही चार्लीच्या भित्रेपणाचीच दुसरी बाजू. शेवटी चार्ली त्याला आपल्याच आवाजात हाकलतो आणि आयरीनसाठी पाण्यात उडी घेतो तो एकटा चार्ली. मुकाट गिळणे आणि तोंडाला येईल ते ओकणे यांच्या मधली जागा त्याला सापडते. आणि ज्या मुलांवरून गाव हसले, ती तिन्ही मुले तोंडाने कितीही फटकळ असोत, बापावर जीव टाकतात. चार्लीच्या चांगुलपणाला आलेले ते फळ. चित्रपटातली सर्वांत सभ्य नाती त्याच्या सर्वांत असभ्य संवादांत आहेत.

‘आमचा बाळ्या अगदी गरीब हो, कुणाला उलटून बोलत नाही,’ असे पालक कौतुकाने सांगतात, तेव्हा आम्ही शिक्षकही माना डोलावतो. ‘माझी जागा आहे, मागे व्हा,’ एवढे एक वाक्य शांतपणे म्हणायला आपण त्याला शिकवतो का? ते घरातल्या भाषेत शिकवावे आणि बाहेरच्या भाषेतही.

मराठीत ‘हसू’ आणि ‘हसे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. रांगेत घुसणाऱ्यांची खोड मोडते तिथे या चित्रपटाने मला हसू दिले. रुग्णाच्या आजाराचे त्याने हसे केले, ते मला मान्य नाही. प्रौढ मुलांनी हा चित्रपट जरूर पाहावा. फक्त पाहताना आपण कुठे हसलो, याची खूण ठेवावी.