अर्जाची भाषा आणि व्याकरणाचा पाठ

हिंदुस्थानात इंग्रजीचे अध्ययन आणि नोकरी यांची सांगड जुनी आहे. १८४४ साली गव्हर्नर-जनरल लॉर्ड हार्डिंज यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आणि या सांगडीला अधिकृत रूप आले. म्हणून इंग्रजी शिकविणाऱ्या पुस्तकाची परीक्षा करावयाची झाल्यास नोकरीचा अर्ज ही एक न्याय्य कसोटी ठरते. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या दोन पुस्तकांना ती लावून पाहणे उद्‌बोधक होईल.

पहिले, द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’. तिचे सामर्थ्य तिच्या नावातच आहे. ती मराठी वाक्य इंग्रजी वाक्याशेजारी उभे करते व विद्यार्थ्याला ज्ञाताकडून अज्ञाताकडे नेते. तथापि तिचा मुख्य व्यवहार सुट्या वाक्याशी आहे. दुसरे, हिंदुस्थानी शिक्षणसेवेत काम केलेल्या व कादंबरीकार म्हणूनही गाजलेल्या पी. सी. रेन यांनी एच. मार्टिन यांच्यासह रचलेले व्याकरण-लेखनाचे पुस्तक. त्यात पत्रलेखनाला स्वतंत्र स्थान आहे. परंतु ते पुस्तक सर्व प्रांतांसाठी इंग्रजीतच लिहिलेले असल्याने त्यात मराठी शेजारी नाही. शिवाय व्याकरण एका विभागात आणि पत्र दुसऱ्या विभागात, अशी त्याची मांडणी आहे. एकाजवळ मराठी आहे, दुसऱ्याजवळ पत्र आहे. दोहोंची गाठ मात्र पडत नाही.

ही उणीव किरकोळ नव्हे. अर्जात लिहिणारा काही मागतो आणि वाचणारा ते देण्यास बांधलेला नसतो. या नात्याची जाणीव क्रियापदाच्या रूपातून व्यक्त व्हावी लागते. मराठी व्याकरणाने क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. ‘माझ्या अर्जाचा विचार व्हावा’ या वाक्यात विध्यर्थ आहे. विचार करणारा कोण, हे त्यात उच्चारलेले नाही. त्यामुळे वाचणाऱ्यावर आज्ञेचा भार पडत नाही. इंग्रजीत विध्यर्थाला असे एकच ठरीव रूप नाही. विद्यार्थी मग आज्ञार्थ घेतो आणि त्याला ‘काइंडली’ हे क्रियाविशेषण जोडतो. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्य लिहिताना त्याच्या मनात विनंती असते. अपरिचित वाचकाला मात्र ते फर्मान वाटण्याचा संभव असतो. येथे व्याकरणाचा नियम मोडलेला नाही, म्हणून व्याकरणाच्या पाठात ही चूक सापडतही नाही.

इंग्रजी हे काम बहुधा भूतकाळी रूपांकडून करून घेते. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड…’ या रचनेत भूतकाळ कालाने नाही, केवळ रूपाने आहे. ‘वुड’ म्हणजे ‘विल’चा भूतकाळ, एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ही रचना विसंगत वाटते व तो दोन्ही ठिकाणी ‘विल’ लिहून मोकळा होतो. वस्तुतः हे तत्त्व त्याच्या घरचेच आहे. ‘आपल्याशी थोडे बोलायचे होते’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याची इच्छा वर्तमानकाळातील असते. ‘होते’ने तो ती इच्छा एक पाऊल मागे नेतो आणि ऐकणाऱ्याला नकाराची वाट मोकळी ठेवतो. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी विनयाच्या अभ्यासात (१९८७) अशा अंतर राखण्याच्या युक्त्यांचे अनेक भाषांतील विवेचन केले आहे. मराठी विद्यार्थ्याला हे उदाहरण परभाषेतून आणण्याची गरज नाही.

अर्थात हे साम्य सरसकट नाही. ‘संधी मिळाल्यास आभारी राहीन’ येथे मराठीला भविष्यकाळ पुरतो. उलट ‘संधी मिळाली असती तर’ म्हटल्यास ती हुकल्याचा अर्थ निघतो. साम्य कोठे संपते हे दाखविणे हेच तौलनिक व्याकरणाचे काम होय. ते न केल्यास विद्यार्थ्याच्या हाती केवळ नमुना राहतो; आणि नमुन्यांबरोबर ‘आय बेग टु स्टेट’, ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ ही वसाहतकाळातील दरबारी वचनेही दीर्घकाळ टिकून राहिली. परिणामी एकाच अर्जात मायना व समारोप लाचार आणि मधली विनंती उद्धट, असा विचित्र मेळ दिसतो. उमेदवार मात्र लाचारही नसतो, उद्धटही नसतो.

आज अर्जाची जागा पुष्कळ ठिकाणी छापील वा संगणकीय रकान्यांनी घेतली आहे, तयार पत्रे यंत्राकडूनही मिळतात. मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु समोर आलेल्या दोन मसुद्यांपैकी आपल्या नात्याला शोभणारा कोणता, हा निर्णय उमेदवारालाच करावा लागतो. माणूस भेटण्यापूर्वी त्याचा अर्ज वाचला जातो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाबद्दलचे पहिले मत त्याच्या स्वभावावरून नव्हे, तर त्याला कोणी न शिकविलेल्या एका क्रियारूपावरून बनावे, हा अन्याय आहे. तो दूर करण्यास नव्या नमुन्यांची भर घालून भागणार नाही. तर्खडकरांची तुलना पत्रापर्यंत आणि पत्राचा पाठ क्रियापदाच्या अर्थापर्यंत नेणारे पुस्तक त्यासाठी हवे.