‘राजमाता’ : एका समासाचा विग्रह

ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे यांचे आत्मचरित्र १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखनात इंग्रजी कादंबरीकार मनोहर माळगावकर यांचा सहभाग होता. ग्रंथाचे शीर्षक ‘प्रिन्सेस’ असे होते, आणि उपशीर्षकात लेखिकेचा उल्लेख ‘डाउएजर महाराणी’ असा केलेला होता. १९८७ सालच्या अमेरिकन आवृत्तीने हे नाव टाकून ‘द लास्ट महाराणी ऑफ ग्वालियर’ हे नाव घेतले. पुढे मृदुला सिन्हा यांच्या संपादनाने हिंदी वाचकांपुढे जे आत्मकथन आले, ते ‘राजपथ से लोकपथ पर’ या नावाने. एकाच आयुष्याला लाभलेली ही तीन शीर्षके एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. आणि ज्या एका शब्दाने ही बाई १९६१ पासून २००१ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, लोकांच्या तोंडी राहिली, तो ‘राजमाता’ हा शब्द तिन्हींपैकी एकाही शीर्षकात नाही.

सहलेखकाच्या हातून उतरलेल्या आत्मचरित्रातील गद्य कोणाचे, हा प्रश्न समीक्षकाला नेहमीच अडवतो. वाक्यांची घडण, उपमांची निवड, विनोदाची जात यांवरून निवेदकाच्या मनाचा ठाव घ्यावा, तर तो सहलेखकाच्याच मनाचा निघण्याचा संभव अधिक. अशा ठिकाणी शैलीपेक्षा संबोधनांचा विचार अधिक भरवशाचा ठरतो. संबोधने ही कोणा एकाची निर्मिती नसते. ती घरात, दरबारात, सभेत आणि मतदानकेंद्राच्या रांगेत घडतात, आणि त्यांच्यावर मालकी बोलणाऱ्यांची असते.

‘डाउएजर’ या इंग्रजी शब्दाचा संबंध पतीशी आहे : दिवंगत पतीच्या पदावरून जिला मान मिळतो, ती. ‘राजमाता’ या शब्दाचा संबंध पुत्राशी आहे. ‘राज्ञः माता’, राजाची आई, असा हा सरळ षष्ठी तत्पुरुष होय. म्हणजे इंग्रजी वाचकाला जी विधवा म्हणून ओळख करून दिली, तीच ग्वाल्हेरच्या प्रजेला माता म्हणून ठाऊक होती. हा केवळ भाषांतराचा भेद नव्हे. वैधव्याने सत्ता संपते. मातृत्वाने ती चालू राहते.

शिंदे घराण्याच्या इतिहासात या समासाला प्रत्यक्ष कारभाराचा आधार होता. दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारल्यावर बायजाबाईंनी दत्तक जनकोजींच्या नावाने राज्य चालवले, आणि १८३३ मध्ये त्याच दत्तक पुत्राने त्यांना ग्वाल्हेर सोडावयास लावले. १९२५ मध्ये अल्पवयीन जिवाजीराव गादीवर आले, तेव्हा कारभारी मंडळाच्या अध्यक्षस्थानी चिंकूराजे होत्या. राजाची आई हे तेथे पद होते, आणि पुत्र वयात आला की ते पद सुटत असे. समासाचा अर्थ आणि राज्याचा व्यवहार यांत अंतर नव्हते.

विजयाराजे या घराण्यात जन्माने नव्हे, विवाहाने आल्या. १९१९ मध्ये जन्मलेली लेखा दिव्येश्वरी नेपाळच्या राणा घराण्यातील आजीच्या छायेत सागर येथे वाढली. १९४१ मध्ये जिवाजीरावांशी विवाह झाला, तेव्हा मराठा रीतीप्रमाणे तिचे नावही बदलले. ‘राजे’ हे आदरार्थी, व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी रूप मराठा राजस्त्रियांच्या नावांत निःसंकोचपणे येते, याचे अमराठी माणसाला आश्चर्य वाटते; मराठी माणसाला ते जाणवतही नाही. आडनावाची कथाही अशीच आहे. साताऱ्याकडील कण्हेरखेडचे ‘शिंदे’ उत्तरेत ‘सिंधिया’ झाले. मराठीत आजही ‘शिंदे’ म्हणताना मूळ गावाची आठवण राहते. हिंदीत ‘सिंधिया’ म्हणताना राजवाड्याची.

१९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि जिवाजीराव राजप्रमुख झाले. १९५७ मध्ये विजयाराजे काँग्रेसच्या तिकिटावर गुणा मतदारसंघातून लोकसभेत गेल्या. १९६१ मध्ये जिवाजीराव निवर्तले, पुत्र माधवराव सोळा वर्षांचे होते, आणि महाराणी राजमाता झाल्या. राज्य नव्हते, पण संविधानात माजी संस्थानिकाला ‘रूलर’ म्हणून मान्यता होती, तेव्हा शब्दाला कायद्याचा थोडाफार टेकू उरला होता. १९६२ मध्ये त्या ग्वाल्हेरातून निवडून आल्या.

१९६७ हे वर्ष मात्र निराळे. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचे बिनसले होते. ग्वाल्हेरातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनावरील पोलिसी कारवाई आणि १९६६ च्या मार्चमध्ये जगदलपूर येथील गोळीबारात झालेला बस्तरच्या प्रवीरचंद्र भंजदेव यांचा मृत्यू, या दोन्ही घटना या संघर्षाच्या पार्श्वभूमीला होत्या. त्यांनी काँग्रेस सोडली. गुण्यातून स्वतंत्र पक्षाच्या उमेदवार म्हणून लोकसभा जिंकली आणि करेऱ्यातून जनसंघाच्या उमेदवार म्हणून विधानसभाही जिंकली. जुलैमध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळले आणि संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. मुख्यमंत्री मात्र विजयाराजे झाल्या नाहीत. काँग्रेसमधून फुटून आलेले गोविंद नारायण सिंह झाले.

या नकाराला त्याग म्हणण्याची पद्धत आहे. तसे म्हणण्याला आधारही आहे, कारण पद हाताशी असताना ते सोडणे भारतीय राजकारणात दुर्मीळच. परंतु भाषेच्या अंगाने पाहता येथे समासाचा दुसरा विग्रह तयार झाला : राजाची आई नव्हे, तर राज्यकर्त्याला जन्म देणारी. अशी माता स्वतः सिंहासनावर बसत नाही, म्हणून सभागृहात उत्तर देण्याचे बंधनही तिच्यावर येत नाही. सरकार दोन वर्षेही टिकले नाही. १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह पायउतार झाले आणि काँग्रेसमध्ये परतले. त्या अपयशाचा जाब त्यांना विचारला गेला, मिश्रांनाही विचारला गेला. ‘राजमाता’ला तो कोणी विचारल्याचे फारसे आढळत नाही. मातेकडे हिशेब मागण्याची रीत आपल्या भाषांत नाही.

१९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्या ज्या खटल्याचा निकाल त्याच वर्षाच्या डिसेंबरात लागला, तो कायद्याच्या ग्रंथांत माधवराव शिंदे यांच्याच नावाने ओळखला जातो. न्यायालयाने आदेश रद्द ठरवला. पण १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही संपवली. आता कायद्याच्या दृष्टीने राजा उरला नाही. मग ‘राजाची आई’ हा विग्रह कशावर उभा राहणार?

तो राहिला नाही. शब्द मात्र राहिला, किंबहुना बळावला. त्याच १९७१ मध्ये, इंदिरा गांधींची लाट असताना, जनसंघाच्या उमेदवार म्हणून विजयाराजे भिंडमधून आणि माधवराव गुण्यातून निवडून आले. पुढे माधवराव १९७७ मध्ये अपक्ष उभे राहिले, १९८० मध्ये काँग्रेसमध्ये गेले, आणि मातापुत्रांतील दुरावा जगजाहीर झाला. ‘राजा’ विरुद्ध पक्षात असताना ‘राजमाता’ ही संज्ञा अबाधित चालावी, यावरूनच तिच्यातील षष्ठी गळून पडली होती हे दिसते. येथे तिसरा विग्रह करावा लागतो : राजस अशी माता, राजवैभवाची माता, म्हणजे हा समास आता कर्मधारयाकडे झुकला. ‘राज’ हे नाते न राहता गुण झाला. बायजाबाईंच्या काळात जो शब्द पुत्राच्या अस्तित्वावर अवलंबून होता, तो आता पुत्रावाचून उभा राहिला. मराठी वाचकाला ‘राजमाता’ म्हणताच जिजाबाई आठवतात, आणि तेथे शिवाजी महाराजांना वगळून तो शब्द उच्चारताच येत नाही. ग्वाल्हेरच्या शब्दाचे वेगळेपण या तुलनेत नीट ध्यानी येते.

गुणा मतदारसंघाचा दाखला यापुढे जातो. तेथून विजयाराजे १९५७ मध्ये काँग्रेसच्या, १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या आणि १९८९, १९९१, १९९६ व १९९८ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या; मधल्या काळात पुत्र जनसंघ, अपक्ष आणि काँग्रेस अशा तीन निशाण्यांवर निवडून आला. पक्षाचे नाव बदलत गेले, संबोधन बदलले नाही. मतदाराने मत दिले ते पक्षाला की संबोधनाला, हा प्रश्न येथे गैरलागू ठरत नाही. ‘राजपथ से लोकपथ पर’ या शीर्षकातील दावा याच ठिकाणी अपुरा पडतो. ‘राजपथ’ म्हणजे राजाचा रस्ता, तसाच सर्वांचा हमरस्ताही. (दिल्लीतील त्या नावाचा रस्ता २०२२ मध्ये ‘कर्तव्य पथ’ झाला, ही गोष्ट अलाहिदा.) ‘लोकपथ’ हा त्याच्या विरोधासाठी घडवलेला शब्द. रस्ता बदलल्याचे शीर्षक सांगते; वाटसरूची हाक बदलली नाही, हे ते सांगत नाही.

तथापि या हाकेच्या सामर्थ्याला सीमा होती. आणीबाणीत विजयाराजेंना तिहारच्या तुरुंगात ठेवण्यात आले, तेव्हा ती त्यांच्या कामी आली नाही. तो कारावास त्यांनी सोसला तो राजमाता म्हणून नव्हे, विरोधी पक्षाची कार्यकर्ती म्हणून. त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत निर्विवाद पान ते हेच होय. १९८० मध्ये त्या रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि मोठ्या फरकाने हरल्या. रायबरेलीला दुसऱ्याच घराण्याची सवय होती. पुढे भारतीय जनता पक्षाच्या उपाध्यक्ष आणि रामजन्मभूमी आंदोलनातील एक प्रमुख नेत्या म्हणून त्यांचे नाव देशभर गेले. या टप्प्यावर ‘माता’ या पदाला धार्मिक अर्थाची छटा चढली, आणि ग्वाल्हेरशी संबंध नसलेल्या सभांतही ते चालू लागले. संसदेच्या सदस्यसूचीत मात्र इतर स्त्रीसदस्यांप्रमाणे त्यांच्या नावामागे केवळ ‘श्रीमती’ एवढेच असे.

२५ जानेवारी २००१ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात माधवराव विमान-अपघातात गेले. कन्या वसुंधराराजे २००३ मध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या. नातू ज्योतिरादित्य २०१९ मध्ये गुण्यात हरले, मार्च २०२० मध्ये काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात गेले, त्यांच्यामागून गेलेल्या आमदारांमुळे कमलनाथ यांचे सरकार पडले, आणि २०२४ मध्ये गुण्यातूनच नव्या पक्षातर्फे ते निवडून आले. या सर्व काळात समर्थक आणि विरोधक दोघेही त्यांना ‘महाराज’ म्हणत राहिले, विरोधक उपरोधाने, समर्थक सवयीने. अमेरिकन आवृत्तीच्या शीर्षकातील ‘लास्ट’ हे विशेषण कायद्याला धरून आहे. ग्वाल्हेरच्या बोलीत त्याला अद्याप प्रतिशब्द रूढ झालेला नाही.