बीभत्स रसाचा आश्रय कोण?

नवरस शिकविताना आपण शिक्षक बीभत्स रसापाशी फार वेळ थांबत नाही. शृंगार, वीर, करुण यांना उदाहरणे मुबलक; बीभत्साची पाळी आली, की स्मशान, गिधाडे आणि कुजलेले प्रेत एवढे सांगून आपण लगबगीने अद्भुताकडे वळतो. मीही गेली पंचवीस-सव्वीस वर्षे हेच करीत आलो. मुख्याध्यापकपदाचे कागद सांभाळूनही मराठीचा एक तास मी स्वतःकडे ठेवलेला आहे, आणि अभ्यासक्रमात असोत वा नसोत, नवरस सांगतो. काही वर्षांपूर्वी वर्गात घेतलेल्या चाचणीत ‘बीभत्स रसाचे उदाहरण द्या’ असा प्रश्न होता. सगळ्या वह्यांतून माझेच स्मशान मला परत मिळाले. एका मुलाने मात्र तेवढी जागा कोरी सोडली होती. मी शून्य दिले. मागाहून विचारले तेव्हा कळले, की त्याचे वडील संडासांच्या टाक्या उपसणाऱ्या टँकरवर कामाला आहेत. बाबा सांगतात, वास पहिल्याच दिवशी येतो, मग येत नाही. तेव्हा घाण वाटते असे लिहावे की वाटत नाही असे लिहावे, हे त्याला ठरविता आले नव्हते. शून्य मी खोडले नाही. प्रस्तुत लेख त्या कोऱ्या जागेसंबंधी आहे.

भरताने बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा सांगितला आणि रक्तादिकांनी होणारा तो क्षोभज, विष्ठा व कृमी यांनी होणारा तो उद्वेगी, असे त्याचे भेदही केले. अंग आखडणे, तोंड वाकडे करणे, थुंकणे हे त्याचे अनुभाव. नाक झाकून घेण्याचा अभिनय तर गावातील लहान पोरही करून दाखवील. या अनुभावांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ते सगळे बाजूला उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. नाकाला पदर लावावयास एक हात मोकळा असावा लागतो. ज्याच्या दोन्ही हातांत ओझे आहे, त्याचा अनुभाव कोणता, हे शास्त्रात सांगितलेले नाही.

येथे एखादा जाणता वाचक म्हणेल, की रस हा मुळी सहृदयाचाच असतो. मग पाहणाऱ्याची किळस हीच किळस मानली तर बिघडले कोठे? आक्षेप खरा, परंतु शृंगारात रतीला नाटकातच एक आश्रय असतो. शकुंतलेला पाहून दुष्यंताच्या मनात रती उपजते आणि तिचा आस्वाद आपण घेतो. जुगुप्सेचे तसे नाही. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाला ही अडचण जाणवली होती. हास्य आणि बीभत्स यांत आलंबन तेवढे दिसते, आश्रय दिसत नाही. तेव्हा कोणी एक पाहणारा पुरुष कल्पून घ्यावा, असा मार्ग ‘रसगंगाधरा’त काढलेला आहे. म्हणजे प्रेत आहे, किळस आहे, किळस येणारा उसना आणलेला आहे. आणि ते प्रेत उचलणारा मात्र हिशेबात कोठेच नाही. मला वाटते, समाजाने ज्या कामांना सर्वांत हलके म्हटले, त्यांचे आपल्या वाङ्मयातील चित्रण शतकानुशतके याच उसन्या पुरुषाच्या डोळ्यांनी झाले आहे.

हरिश्चंद्राचेच आख्यान घ्या. हळर्णास जत्रेच्या रात्री दशावतारात ते मी लहानपणी पाहिले, तेव्हा रडलो होतो. अयोध्येचा राजा काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर होतो, तारामती रोहिदासाचे प्रेत घेऊन येते, आणि राजा स्वतःच्या पुत्राच्या दहनाचे मोल मागतो. यापेक्षा करुण ते काय असावयाचे! त्या रात्री डोंबाचे सोंग विनोदी नटाकडे होते आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला हशा पडत होता, हे मात्र मला फार उशिरा आठवले. आपण रडतो ते राजाला ते काम करावे लागले म्हणून. जो ते जन्मभर करीत होता, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी नाही. मार्कंडेय पुराणात तर पुढे असा उलगडा होतो, की तो चांडाळ म्हणजे रूप घेतलेला धर्मच होता. कथेच्या दृष्टीने हे समाधानाचे खरे. परंतु राजा वर गेला, धर्मही आपल्या रूपाला गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या घाटावर लाकडे कोणी रचली? पुराणकाराला हा प्रश्न पडलेला नाही.

संतांच्या वाङ्मयात हे काम करणारा स्वतः बोलू लागतो, हे नाकारता येणार नाही. चोखामेळ्याच्या अभंगांत जन्माने लादलेल्या हीनत्वाची तक्रार थेट देवाकडे केलेली आहे. त्याचा अंतही कामावरच झाला: मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तीखाली तो व इतर मजूर गाडले गेले, अशी परंपरा असून तिचे साल १३३८ मानतात. (आमच्या हळर्णच्या किल्ल्याचीही हीच गोष्ट. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला आणि पुढे ‘अलोर्नाचा मार्क्विस’ ही पदवी मिरविली. गावाचे नाव लिस्बनला पोचले. त्या तटाचे दगड ज्यांनी वाहिले, त्यांची नावे गावातही नाहीत.) एकनाथांनी आपल्या भारुडांत महाराला बोलते केले, त्याचा जोहार मराठीत अमर झाला. तथापि तेथे महार हा रूपक आहे. शरीर हे गाव, जीव हा त्यात राबणारा चाकर, असे म्हटले, की अर्थ उंच चढतो आणि खरी वेठ त्याखाली दिसेनाशी होते. नाथांची करुणा निःसंशय मोठी. रूपकाचा स्वभावच असा आहे.

या पार्श्वभूमीवर शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) वाचावे. खरात आटपाडीचे, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गावच्या तराळकीची पाळी वडिलांकडे असताना त्यांनी लहान वयात पाहिलेला विहिरीचा प्रसंग या आत्मचरित्रात आहे. विहिरीत प्रेत आहे. वडील त्याची राखण करीत बसले आहेत आणि मुलगा त्यांच्यासाठी घरून भाकरी घेऊन जातो. पोलीस येतात, प्रेत वर काढण्यासाठी खाली उतरावयाचे ते वडिलांनीच. विहिरीच्या कपारीत साप आहे.

हा प्रसंग मनात घर करून राहतो तो प्रेताच्या अवस्थेमुळे नव्हे. शास्त्राप्रमाणे येथे जुगुप्सेची सर्व सामग्री हजर आहे आणि तरीही रस बीभत्स नाही. वाचणारा त्या मुलाच्या जागी, विहिरीच्या काठावर, हातात भाकरीचे फडके घेऊन उभा असतो. त्याचे डोळे प्रेतावर नसून दोराच्या खालच्या टोकावर असतात. मुलाला वास येतो की नाही, हे विचारण्याची सवडच लेखक ठेवत नाही. कामाचा खरा वाईटपणा कोठे आहे, हेही येथे स्पष्ट दिसते. प्रेत काढणे हे कोणाला तरी करावेच लागणार होते. खाली साप आहे हे वर सर्वांना दिसत असताना उतरावयाचे की नाही, हे ज्याने उतरावयाचे त्याने ठरवावयाचे नाही, आणि त्याच्या मोबदल्याचे नाव बलुते, हा तो वाईटपणा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, ते या बंधनावरच घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने नाहीशी व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा याहून वेगळ्या जातीची आहे आणि माझ्या मते मराठीतील उत्तम कथांत ती सहज बसेल. भीमा हा वारणेकडचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगराजवळ खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि राख चाळणे हाच त्याचा धंदा होतो. मग राखेवरून तो पुरलेल्या प्रेतांवर जातो. कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे, हे सारे वाचताना अंगावर काटा येतो. पण नीट पाहावे, तो भीमाला किळस कोठेही येत नाही. भीती आहे ती त्याच्या बायकोला. भीमा स्वतः हिशेब करतो, अंदाज बांधतो, हातातली पहार नीट चालवितो. ज्या दक्षतेने पूर्वी सुरुंगाची जागा हेरीत असेल, त्याच दक्षतेने. हलक्यातल्या हलक्या कामालाही कसब असते आणि करणाऱ्याला त्या कसबाचा थोडा अभिमान असतो, हे बाहेरून लिहिणाऱ्याला सुचत नाही. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईस येऊन मिळेल ते काम केलेल्या माणसाला ते सुचले.

कथेच्या शेवटाविषयी माझे मत बदललेले आहे. बोटे कापली जातात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होणार अशी बातमी येते. हा योगायोग मला पूर्वी ठोकळेबाज वाटे. लेखकाने दैवाची फिरकी दाखविण्यासाठी ओढूनताणून आणलेला शेवट, असे मी एका व्याख्यानात म्हटल्याचेही आठवते. आता वाटते, की यात दैव नाही. खाण बंद करणारे आणि सुरू करणारे कोणी एक आहेत आणि भीमा त्यांच्या वेळापत्रकात नाही. बोटे गेल्याचे त्याला रडू येते ते दुखण्याने नव्हे, दगड फोडण्याच्या कामाला तीच बोटे हवी होती म्हणून.

हलके काम आपण होऊन पत्करणाऱ्यांचे वाङ्मयही मराठीत आहे, आणि ते आपल्या अगदी शेजारचे आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन एम. ए. झालेले गृहस्थ. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, यासाठी त्यांनी १९३२ साली उपोषण केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरात गांधीजींनी येरवड्यास अन्न सोडले. मैला उचलण्याची परवानगी मिळावी म्हणून उपोषण, असा प्रसंग जगाच्या इतिहासात दुसरा क्वचितच असेल. पुढे मैल्याचे खत होईल आणि कोणाला तो हाताने उचलावा लागणार नाही, अशा संडासाची रचना त्यांनी कोकणात रुजविली. त्यांच्या लेखनात हे काम प्रयोगासारखे येते, प्रसन्नपणे येते. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे. परंतु टीकाकार म्हणून एवढे नमूद करणे प्राप्त आहे, की ही प्रसन्नता खरातांच्या वडिलांना उपलब्ध नव्हती. अप्पासाहेबांनी उद्या झाडू खाली ठेवला असता, तर त्यांना कोणी अडविणारे नव्हते. लेखनातला सूर या एका गोष्टीने बदलतो.

गोमंतकापुरते पाहावयाचे, तर बा. भ. बोरकरांची ‘भावीण’ (१९५०) ही कादंबरी आणि राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ (१९६९) हे आत्मकथन शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. देवळाच्या वंशपरंपरागत चाकरीला ‘सेवा’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात होता. बोरकरांच्या कवीच्या हृदयाने त्या सेवेची व्यथा टिपली. पैंगीणकर सेवा या शब्दाचाच हिशेब मागतात. विषय मोठा आहे. तो स्वतंत्र लेखाचा.

शेवटी एका चित्रपटाचा उल्लेख करतो. अकादमीच्या वाचकांस तो अस्थानी वाटू नये. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा राष्ट्रीय पुरस्काराने गौरविलेला चित्रपट मुंबईच्या गटारात मरण पावलेल्या एका कामगाराच्या खटल्याविषयी आहे. हाताने मैला साफ करविण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. तरी माणसे उतरत राहिली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांपर्यंत वाढविली, हे आपण जाणतोच. चित्रपटात त्या कामगाराची विधवा साक्ष देते. तिच्या आवाजात चढउतार नाही. दारू घेतल्याशिवाय त्याला वास सोसत नसे, असे ती सांगते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे सांगणे सर्वांनाच लागू नाही. काहींना वास रोज येतो आणि तो मारण्याचा खर्च मजुरीतूनच करावा लागतो. पण साक्षीतला दुसरा तपशील मला विसरता येत नाही. आत विषारी वायू आहे की काय, हे तो कसे ओळखत असे? भोकातून खडा टाकायचा आणि झुरळ दिसते का पाहायचे. झुरळ दिसले, तर आत हवा आहे; उतरावयास हरकत नाही.

विष्ठा आणि कृमी हे उद्वेगी बीभत्साचे विभाव. त्या माणसाच्या दृष्टीला झुरळ पडले, की त्याचा जीव भांड्यात पडत असे.

त्या चाचणीनंतर मी प्रश्नाला अर्धे वाक्य जोडले: ‘बीभत्स रसाचे उदाहरण द्या व त्यात किळस कोणास वाटते ते लिहा.’ उत्तरे अजून बहुधा स्मशानाचीच येतात. दुसऱ्या भागापुढे मुले ‘कवीस’ असे लिहितात, आणि त्याला मी पूर्ण गुण देतो.